फुलापुढे गुडघे टेकावे

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या सभागृहात विद्यार्थ्यांनी काढलेल्या फुलांच्या छायाचित्रांचे एक छोटेसे प्रदर्शन मांडले होते. परीक्षक या नात्याने ती सारी चित्रे मी दोन वेळा फिरून पाहिली. चित्रे सुबक होती, रंग झगझगीत होते आणि मुलांची हौस तर पदोपदी दिसत होती. तथापि दुसऱ्या फेरीच्या अखेरीस एक गोष्ट मनाला लागून राहिली. बहुतेक फुले वरून पाहिलेली होती. म्हणजे उभ्याने, चालता चालता, हात पुढे करून. आणि पुष्कळशी फुले कोणाच्या तरी चिमटीत धरलेली होती. चिमटीतले फूल हे तोडलेले फूल, हे निराळे सांगावयास नको.

या मुलांस दोष देण्याचा मला अधिकार नाही. कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही विद्यार्थ्यांच्या देखत. ती हकीकत आधी सांगतो आणि मग माझे मत मांडतो.

मी शिक्षकी पेशात नवखा होतो त्या वेळची ही गोष्ट. श्रावणातील एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाच-सात मुलांस बरोबर घेऊन मी अंबा नदीच्या बाजूस फिरावयास गेलो. खांद्याला एका मित्राकडून उसना आणलेला कॅमेरा होता. एका शेताच्या कुंपणावर कळलावीचे वेल चढलेले दिसले. कळ्या पुष्कळ होत्या, पण पूर्ण उमललेले फूल एकच, आणि तेही अडचणीच्या जागी. पुढे काट्यांची फांदी, मागे शेतकऱ्याने वाळत घातलेले निळे प्लॅस्टिक, आणि वारा तर क्षणभर थांबेना. मी दोन मिनिटे खटपट केली आणि कंटाळून ते फूल देठासकट खुडले. शाळेत आणून बाटलीत उभे केले, मागे काळे कापड धरविले आणि मोठ्या ऐटीत सहा छायाचित्रे काढली.

चित्रे धुऊन आली तेव्हा ती मी अभिमानाने आमच्या एका वयोवृद्ध सहशिक्षकांस दाखविली. त्यांनी चष्मा पुसला, चित्रे उजेडाकडे धरून पाहिली आणि एवढेच म्हटले, "सर, फूल उलटे आहे."

खरोखरच ते उलटे होते. कळलावीचे फूल वेलावर असते तेव्हा त्याचे तोंड जमिनीकडे असते. त्याच्या सहाही पाकळ्या मागे वळून ज्वाळांसारख्या वर उभ्या राहतात, पुंकेसर चहूकडे आडवे पसरतात आणि स्त्रीकेसराची दांडी काटकोनात एका बाजूस वळते. मी ते गुलाबासारखे वर तोंड करून बसविले होते. शिवाय या वेलाच्या पानांची टोके लांबून तंतूसारखी वळतात आणि कुंपणाला घट्ट धरतात. ज्यांच्या आधारावर सारा वेल उभा राहतो ती पाने चित्रात कोठेच नव्हती. चित्र सुंदर होते, आणि खोटे होते.

पुढचा सोमवार याहूनही वाईट उगवला. सात मुले बाटल्यांतून कळलावीची फुले घेऊन वर्गात आली. सरांनी केले तेच आपणही केले, याचा आनंद त्यांच्या मुद्रेवर होता. कळलावी मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, तिचा कंद पोटात गेल्यास जिवावर बेतते, हे मला ठाऊक होते आणि मी ते सांगितले नव्हते. मुलांस हात धुवावयास लाविले आणि संध्याकाळी पुन्हा त्या कुंपणाकडे गेलो. वेल बोडके झाले होते. त्या वर्षी त्यांवर एकही शेंग धरली नाही. शिक्षकाने एक फूल तोडले म्हणजे वर्ग तीस तोडतो, हा धडा मला अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळाला नव्हता.

तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की, फुलाचे चांगले छायाचित्र काढण्यास कॅमेऱ्याहून गुडघे अधिक उपयोगी पडतात. मराठीत गुडघे टेकणे म्हणजे हार पत्करणे, आणि येथे मला तोच अर्थ अभिप्रेत आहे. फुलास आपल्या सोयीच्या जागी ओढून आणण्याचा हट्ट सोडावा, आणि आपणच त्याच्या जागी, त्याच्या उंचीवर, त्याच्या वेळेस जावे. ही हार ज्याने पत्करली त्यासच फूल खऱ्या अर्थाने दिसते.

फुलाचे सौंदर्य आपल्याकरिताच निर्माण झाले आहे, असा आपला एक गोड गैरसमज असतो. माघ-फाल्गुनात रोह्याकडे किंवा पालीकडे जाताना पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे निष्पर्ण होऊन लाल-केशरी फुलांनी पेटल्यासारखी दिसतात. मधमाशीच्या डोळ्यास तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही. उलट आपणांस न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. मग ही लाली कोणासाठी? ती मुख्यतः पक्ष्यांसाठी आहे. मैना, बुलबुल, शिंजीर हे मधाच्या आशेने येतात आणि जाताना चोचीला व डोक्याला पराग लावून पुढच्या झाडाकडे नेतात. पाने गळून गेलेली असल्यामुळे त्यांस हे आमंत्रण दुरूनही वाचता येते. प्राजक्ताची रीत निराळी. त्यास रात्री उडणाऱ्या पतंगांस बोलवावयाचे असते. म्हणून तो तिन्हीसांजेस उमलतो, शुभ्र रंग आणि सुवास यांच्या योगे अंधारात आपला ठिकाणा सांगतो, आणि उजाडताच अंगणात सडा घालून मोकळा होतो.

हे ज्ञान छायाचित्र काढणाऱ्यास अत्यंत उपयोगाचे आहे. ज्यास पळसाचे गुपित कळले तो झाडाखाली येऊन लगेच चित्र काढून निघून जाणार नाही. सकाळी सातच्या सुमारास थोडा दूर बसून पक्षी येण्याची वाट पाहील. ज्यास प्राजक्ताचे गुपित कळले तो सकाळी अंगणात पडलेल्या फुलांचे चित्र काढून समाधान मानणार नाही. कारण ती त्याच्या आयुष्याची केवळ अखेर आहे. तो रात्री नऊ वाजता झाडाजवळ जाईल. घरोघरी कुंडीत वाढणारे आणि एखाद्या रात्री उमलून सर्वांस जागविणारे जे फूल आपण ब्रह्मकमळ म्हणून ओळखतो, ते वास्तविक मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या एका निवडुंगाचे फूल होय. त्यावरही आपण मोबाइलचा झगझगीत दिवा समोरून पाडतो आणि फूल पिठासारखे पांढरे फटक उमटले म्हणजे कॅमेऱ्यास दोष देतो. तोच दिवा दुसऱ्याने बाजूस थोडा दूर धरावा, मध्ये एक पातळ पांढरा रुमाल आडवा करावा. मग पाकळ्यांची घडी न् घडी दिसू लागते.

आता कृतीविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट उजेडाची. चैत्र-वैशाखातील भर दुपारी काढलेल्या चित्रात उजळ भाग जळाल्यासारखा आणि छाया काळीकुट्ट येते. सकाळची पहिली दोन घटका आणि मावळतीपूर्वीची वेळ ही उत्तम. परंतु आपण कोकणवासी या बाबतीत भाग्यवान आहोत. आषाढ ते भाद्रपद जे ढगाळ आकाश आपल्या डोक्यावर असते, ते म्हणजे निसर्गाने पसरलेले एक विस्तीर्ण पांढरे कापडच होय. त्यातून गाळून आलेला उजेड फुलाच्या सर्व अंगांवर सारखा पडतो. यास अपवाद पातळ पाकळीच्या फुलांचा. उन्हाळ्याच्या अखेरीस कोकणातील ओढ्या-नद्यांच्या काठी ताम्हण फुलते. हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्याच्या जांभळ्या पाकळ्या चुरगळलेल्या झिरझिरीत कागदासारख्या असतात. कलता सूर्य फुलाच्या पाठीमागे येईल असे उभे राहावे. ऊन पाकळीतून आरपार येते आणि तिच्यातील सुरकुतीन् सुरकुती उजळते.

दुसरी गोष्ट उंचीची. आपली नजर जमिनीपासून चार-पाच फुटांवर असते आणि पावसाळ्यातील बहुतेक रानफुले गुडघ्याखाली असतात. तेरड्यासाठी बसावे लागते. ओल्या कातळावर उगवणारी सीतेची आसवे नावाची जी इवलीशी निळी-जांभळी फुले आहेत, त्यांच्यासाठी तर पोटावर निजावे लागते. ही वनस्पती आपल्या सूक्ष्म फुग्यांत पाण्यातील बारीक जीव पकडून त्यांवर पोसते, हे उभ्याने पाहणाऱ्याच्या मनातही येणार नाही. निजून दोन्ही कोपरे जमिनीस टेकावी, म्हणजे हात हालत नाही. आणि फूल आकाशावर किंवा दूरच्या डोंगरावर उमटल्यामुळे एकदम मोठ्या मानाचे दिसते. कपडे मळतात हे खरे; आणि त्याबद्दल मातांची क्षमा मी आताच मागून ठेवतो.

तिसरी गोष्ट पाठीमागच्या दृश्याची. चित्र फुलाचे असले तरी त्यातील बहुतेक जागा फुलाव्यतिरिक्त वस्तूंची असते. पाठीमागे विजेचा खांब, वाळत घातलेले धोतर किंवा चिवड्याचे रिकामे पाकीट असेल तर डोळा प्रथम तिकडेच जातो. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकल्याने हे संकट बहुधा टळते. मध्ये गवताची काडी येत असल्यास ती हलक्या हाताने बाजूस धरावी आणि काम झाल्यावर सोडून द्यावी, उपटू नये.

चौथी गोष्ट वाऱ्याची. यावर उपाय दोन: थांबणे आणि छत्री. कोकणात पावसाळ्यात छत्री सर्वांजवळ असतेच. सोबत्याने ती वाऱ्याच्या बाजूने जमिनीलगत धरावी आणि वारा पडला की चित्र काढावे. मी उतावीळपणे कुंपणाशी दोन मिनिटे घालविली. आणखी दहा घालविली असती तर ही सारी कहाणी सांगावी लागली नसती.

पाचवी गोष्ट रंगाची. तांबडे आणि पांढरे या दोन रंगांपुढे मोबाइल हमखास फसतो. जास्वंदीची पाकळी नुसता लाल डाग होते, आणि अनंताचे फूल कापसाचा गोळा होते. पडद्यावर फुलाच्या मध्यावर बोट टेकवावे, आणि उजेड कमी करण्याची जी पट्टी तेथे दिसते ती थोडी खाली ओढावी. चित्र किंचित काळोखे वाटेल, पण पाकळीवरील शिरा राहतील. एकदा नाहीसा झालेला तपशील मागाहून कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही. आणि हे सर्व करण्यापूर्वी मोबाइलची काच मऊ सुती कापडाने पुसावी. शंभरातील निम्मी धूसर चित्रे खिशातील घामाची आणि बोटांच्या तेलाची असतात, असे माझे अनुभवाचे मत आहे.

सहावी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, एका फुलाची तीन चित्रे काढावी. एक दुरून, म्हणजे झाड किंवा वेल कोठे व कसा उभा आहे ते समजेल. दुसरे जवळून, फुलाच्या मुखाचे. तिसरे फुलाच्या पाठीचे, देठ व पान यांसह. पहिल्या चित्राने जागा कळते, दुसऱ्याने रूप कळते आणि तिसऱ्याने ओळख पटते. कारण वनस्पतिशास्त्रज्ञास फूल ओळखावयाचे झाल्यास पान, देठ आणि बाहेरचा हिरवा पेला यांची साक्ष लागते. माझ्या कळलावीची अशी तीन चित्रे असती तर ती उलटी झाली नसती.

काही हौशी मंडळी फुलावर फवाऱ्याने पाणी शिंपडून दव आणतात. त्यात मोठे पाप आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जे दव पडलेच नाही त्याची साक्ष आपण देऊ नये. पहाटे पाचला उठणारास खरे दव फुकट मिळते.

कोणी म्हणेल, हे सर्व महागड्या यंत्रांचे काम आहे. इतिहास तसे सांगत नाही. १८४३ साली ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी समुद्रशैवालांच्या चित्रांचे पुस्तक काढावयास प्रारंभ केला, तेव्हा त्यांनी कॅमेरा वापरलाच नाही. औषध लाविलेल्या कागदावर वनस्पती ठेवून तो उन्हात धरला. कागद निळा झाला आणि वनस्पतीची पांढरी आकृती उमटली. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळच्या काचांस निळा रंग उत्तम दिसे, पण तांबडा व पिवळा फारसा दिसत नसे. पळसाचे झाड त्यांवर काळेच उमटले असते. सामान्य छायाचित्रकारास वापरता येईल अशी रंगीत काच १९०७ साली फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी बाजारात आणली. आज आठवीतल्या मुलाच्या हाती जे यंत्र असते ते या सर्वांहून समर्थ आहे. उणीव असलीच तर थांबण्याची आहे.

बर्लिन शहरात कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक शिक्षक होते. कलाशाळेतील विद्यार्थ्यांस निसर्गातील आकार समजावेत म्हणून ते घरी बनविलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या आणि बोंडे यांची पुष्कळ पटींनी वाढविलेली चित्रे काढीत. हे काम त्यांनी सुमारे तीस वर्षे चालविले. १९२८ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि साठी उलटलेला हा शिक्षक एकाएकी जगप्रसिद्ध झाला. ते देठ तोडून खोलीत आणीत, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. त्यांचा तेवढा भाग माझ्या मताविरुद्ध जातो. परंतु त्यांच्यापासून घेण्यासारखे आहे ते हे की, त्यांनी एका साध्या कोंबाकडे जितका वेळ पाहिले तितका वेळ आपण अख्ख्या बागेकडेही पाहत नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पालकांचा आक्षेप असा की, आधीच मुलांच्या हातून मोबाइल सुटत नाही, आणि आता शिक्षकच त्यास उत्तेजन देऊ लागले! हा आक्षेप रास्त आहे आणि एका मुलाचा बाप म्हणून तो मला घरीही जाणवतो. परंतु ज्या वस्तूपासून मुलांस दूर ठेवणे आपणांस जमलेले नाही, तिचा एखादा चांगला उपयोग त्यांस शिकविणे हेही आपले कर्तव्य आहे. आठवड्यातून एक तास, जोडणी बंद करून, घराबाहेर, वडीलधाऱ्या माणसाबरोबर, एवढीच माझी मागणी आहे. पालकांनी स्वतः बरोबर जावे, हे तर फारच उत्तम.

दुसरा आक्षेप माझ्या एका स्नेह्यांचा आहे. ते म्हणतात, छायाचित्र काढणारा मनुष्य फुलाकडे पाहतच नाही; चित्र मिळाले की त्याचे पाहणे संपते. यात पुष्कळ तथ्य आहे. म्हणून मी मुलांस एक नियम घालून देतो: फुलाजवळ गेल्यावर पहिली दहा मिनिटे मोबाइल खिशात. तेवढ्या वेळात फुलावर कोण कोण येऊन गेले, वास आहे की नाही, पाकळ्या किती, पान समोरासमोर की एकाआड एक, हे मनात टिपावे. त्यानंतर काढलेले चित्र त्या पाहण्याची पावती होते. दहा मिनिटांची ज्यास घाई वाटते, त्याने चित्र न काढता घरी जावे.

फुलांचे छायाचित्र हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही, याचे उदाहरण साताऱ्याजवळील कासचे पठार. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचाही समावेश आहे. तेथे कातळावर मातीचा पातळ थर आहे आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यावर फुलांचे गालिचे उलगडतात. ती कीर्ती झाल्यावर छायाचित्रांसाठी इतकी गर्दी लोटली की, येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. गालिच्याच्या मध्यभागी बसून स्वतःचे चित्र काढून घेणारा मनुष्य जाताना काय मागे ठेवतो, याचा विचार करा. तेथील पुष्कळशी रोपे एकाच पावसाळ्याची धनी असतात. फूल चिरडले म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे पुढच्या वर्षी त्या जागी फूल नाही. आमच्या कुंपणावरील कळलावी पुढल्या श्रावणात पुन्हा वर आली, कारण तिचा कंद जमिनीत शाबूत होता; त्या कंदाने माझी चूक भरून काढली. सर्वच फुलांपाशी असा कंद नसतो.

कास दूर आहे. आपले नागोठणे जवळ आहे. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होऊ लागला तेव्हा रस्त्याकाठची कित्येक जुनी झाडे गेली. रस्ता हवा, याविषयी माझा वाद नाही. त्याच रस्त्याने आपण रुग्णांस दवाखान्यात नेतो. परंतु ती झाडे गेल्यावर अमक्या वळणावर कोणते झाड होते, ते कोणत्या महिन्यात फुले, हे आम्ही चार शिक्षक एकत्र बसून आठवू लागलो तेव्हा आमचे एकमत होईना. ज्या झाडाखाली उभे राहून आम्ही एस.टी.ची वाट पाहिली, त्याचे नावही आम्हांस ठामपणे सांगता येईना. ही खंत माझ्या मनात आहे, आणि या लेखाचे खरे कारण तीच आहे.

खंडाळ्याचा घाट आपल्यापासून फार लांब नाही. स्पेनमधून आलेले फादर सांतापाव (१९०३–१९७०) हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांनी खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षे हिंडून तेथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि १९६७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. शास्त्रज्ञास नमुने वाळवून ठेवावे लागतात आणि प्रत्येक नमुन्यामागे तो स्थळ, तारीख व नाव लिहितो. विद्यार्थ्यांस नमुना तोडण्याची आवश्यकता नाही. त्यांच्यासाठी छायाचित्र पुरेसे आहे. परंतु त्या धर्मगुरूंची दुसरी सवय अवश्य घ्यावी: एकाच डोंगराकडे पुन्हा पुन्हा जाणे.

म्हणून माझी या शाळेपुढे एक सूचना आहे. प्रदर्शनात यापुढे तोडलेल्या फुलाचे चित्र घेऊ नये. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराजवळचे किंवा शाळेच्या वाटेवरचे एकच झाड, झुडूप वा वेल निवडावा आणि वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचे चित्र काढावे. बारा चित्रांत पालवी, कळी, फूल, फळ आणि पानगळ असे त्याचे सारे वर्ष येईल. खाली गावातील नाव लिहावे. ते पुस्तकातून उतरून न घेता आजीस विचारावे, शेतकऱ्यास विचारावे, बाजारात रानभाज्या घेऊन येणाऱ्या कातकरी-ठाकूर बायांस विचारावे. एकाच झाडाची तीन नावे मिळाली तर तिन्ही लिहावी. ही चित्रे शाळेने जपून ठेवावी. दहा वर्षांनी आपल्या गावाच्या झाडांची अशी एक वही तयार होईल की जी विकत कोठेही मिळणार नाही.

या कामास उतावीळपणा चालत नाही, याचे उत्तम उदाहरण डोंगरउतारावरील कारवी. ती साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरून जाते. पाचवीस आलेल्या मुलाने दहावी होईपर्यंत येथे सहा वर्षे काढली तरी त्यास ती कदाचित फुललेली दिसणारही नाही. ज्यास दिसेल त्याने ती पुढच्यांसाठी टिपून ठेवावी.

जाताना काही पथ्ये पाळावी. गवतात व दगडांत फुरसे असते, म्हणून पायांत बूट आणि हातात काठी असावी. एकट्याने जाऊ नये. घरी सांगून जावे. नदीस पाणी चढलेले असता काठाकडे फिरकू नये. अनोळखी फूल वा पान तोंडात घालू नये. कळलावीची गोष्ट ध्यानात ठेवावी. शेतात शिरण्यापूर्वी मालकास विचारावे. एखादे दुर्मीळ फूल सापडल्यास शिक्षकांस सांगावे, पण त्याचा ठिकाणा मोबाइलवरून गावभर करू नये. आणि आमच्या हिंदू बांधवांच्या घरी गौरीसाठी तेरडा आणतात, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. तो घरचा जुना रिवाज आहे आणि तेरडा विपुल आहे. माझे म्हणणे केवळ चित्रासाठी तोडलेल्या फुलाविषयी आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस महाराष्ट्र फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो. ही दोन नावे एकत्र यावीत यात मला शिक्षक म्हणून मोठा अर्थ दिसतो. दोघांसही आपल्या सोयीसाठी वाकविता येते, बाटलीत घालून सुंदर दाखविता येते. पण मग ती जशी आहेत तशी दिसत नाहीत. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शिष्यांस रानातील फुलांकडे नीट लक्ष द्यावयास सांगितले, आणि शलमोन राजाचे वैभवही त्यांच्यापुढे फिके ठरविले. ती खुडून आणा, असे त्याने सांगितलेले नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, येत्या श्रावणात मोबाइलची काच पुसा, छत्री घ्या आणि बाहेर पडा. पुढच्या प्रदर्शनात मी प्रथम तुमच्या चित्रांकडे पाहीन आणि मग तुमच्या गुडघ्यांकडे. त्यांस चिखल लागलेला असेल, तर गुण देण्यास मी हात आखडता घेणार नाही.